तीन वाजताचा नळ

नळ आधी खाकरला, मग त्यातून चहाच्या रंगाचं चमचाभर पाणी सांडलं आणि नंतर नुसती हवा. प्रसूतिगृहातला नळ होता तो. दुपारचे तीन वाजलेले. समोर शेजारच्या तालुक्यातले डॉक्टर, हातात कायाकल्प या स्वच्छता तपासणीची यादी. त्यांच्या मागे आम्ही सगळे, इस्त्रीच्या कपड्यांत, गळ्यात नवी ओळखपत्रं घालून. दारात रांगोळीसुद्धा काढली होती.

"सिस्टर, सकाळी येतं का पाणी?"

"हो सर, सकाळी भरपूर असतं."

"मग बाळंतिणींना सांगा, सकाळीच या म्हणून."

ते सहज बोलून गेले, माणूस तसा कडू नव्हता. पण आमच्यातलं कुणी हसलं नाही. मी तर त्या रात्री धड जेवलेही नाही.

मी स्टाफ नर्स. चोपडा-यावलच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. एका अंगाला केळीचे मळे, दुसऱ्या अंगाला पाड्यांकडे चढत जाणारा रस्ता. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगणार आहे त्यात आमचीच अब्रू जाते. सहा खाटा, रोजची ओपीडी सत्तर-ऐंशीची, आणि बाळंतपणं कधी आठवड्यात एक, कधी एका रात्रीत तीन.

कायाकल्प म्हणजे काय ते आरोग्य खात्याबाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात सांगते. केंद्र सरकारनं 2015 साली सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी ही योजना काढली. आधी आपणच आपली तपासणी करायची, मग शेजारच्या केंद्राचे लोक येऊन करतात, आणि त्यात पास झालात तर बाहेरचे तपासनीस येतात. प्रत्येक मुद्द्याला 2, 1 किंवा 0 गुण. सत्तर टक्के मिळाले की पुढे. नोव्हेंबर 2022 मध्ये आम्हाला सत्तरला सहा कमी पडले.

खरं दुःख वेगळंच होतं. आमच्या स्वतःच्या तपासणीत 'पाणी' या मुद्द्याला आम्ही पैकीच्या पैकी गुण घेतले होते, आणि ते खोटे घेतले नव्हते. बोअर होती, गच्चीवर दोन हजार लिटरची काळी टाकी होती, बेसिनं पाच होती. कागदावर पाणी होतंच.

आमच्या मॅडम, म्हणजे वैद्यकीय अधिकारी, तेव्हा नव्या होत्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ओपीडीत बसवलं. मला वाटलं आता ओरडा बसणार. त्यांनी मात्र छापील कागदांचा गठ्ठा काढला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून बनवलेली 'वॉश फिट' नावाची पद्धत आहे, ती त्यांनी एका प्रशिक्षणात ऐकली होती. छोट्या दवाखान्यांतलं पाणी, शौचालयं, हात धुणं, कचरा, साफसफाई यांसाठी. आधी माणसं जमवायची, मग दवाखाना फिरून बघायचा, कुठल्या उणिवेनं कुणाला किती इजा होऊ शकते ते ठरवायचं, त्याप्रमाणे कामाची यादी करायची, आणि काही महिन्यांनी परत पहिल्यापासून. कायाकल्पमध्ये गुण मिळतात, इथे गुणांपेक्षा धोका बघायचा. कुंड्या नसल्या तर एक गुण जातो, प्रसूतिगृहात पाणी नसलं तरी एक-दोन गुणच जातात. पण दोन्ही सारखं नाही, हे सांगायला कागद लागावा याचीच मला लाज वाटली.

माणसं जमवताना मॅडमनी पहिली दोन नावं घेतली ती आमच्या परिचर नानांची आणि झाडलोट करणाऱ्या मावशींची. फार्मासिस्ट भाऊंनी भुवया वर केल्या. मीही मनात म्हटलं, यांना मीटिंगमध्ये काय समजणार. आता हे लिहिताना कसंतरी होतं.

कारण पहिल्याच मीटिंगमध्ये मावशी म्हणाल्या, "बाई, कधी कोनी इचारंच नई. रातले मी हौदमाईन बादली भरी आनस."

ती बादली मला चांगली माहीत होती. निळी, कडीला सुतळी बांधलेली. किती बाळंतपणं मी त्या बादलीतल्या पाण्यावर केली असतील! हात धुवायला मावशी मगानं पाणी घालायच्या, मी हात पुढे करायचे. बादली कुठून भरून येते हे मी कधी विचारलं नव्हतं. आवारातल्या जमिनीलगतच्या हौदातून येत होती. त्या हौदाचं झाकण तुटून दोन पावसाळे झाले होते. प्रशिक्षणात आम्हाला सहा स्वच्छता घोकून घेतात: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, नाळेला स्वच्छ धागा, नाळेवर काही लावायचं नाही, पुसायला स्वच्छ कापड. मी त्या नव्या मुलींना शिकवतेही. पहिलीच स्वच्छता त्या बादलीत होती.

मग आम्ही प्रत्येक नळ तीन वेळा उघडून बघायचं ठरवलं. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दोन. रात्रीच्या पाळीला मीच होते. आठ दिवसांचा तक्ता भिंतीवर लावला, पाणी आलं तर हिरवी टिकली, नाही तर लाल. ओपीडीचं बेसिन सगळं हिरवं. ड्रेसिंग रूम हिरवी. प्रसूतिगृह आणि त्याच्या शेजारची बाळंतिणींची खोली मात्र सकाळी हिरवी, तीनला लाल, रात्री लाल. आठही दिवस.

एकाच टाकीचं पाणी असताना हे कसं? प्लंबर म्हणाला पाइपात कचरा असेल, भिंत फोडावी लागेल. नाना तोवर दारात तंबाखू मळत उभे होते. बावीस वर्षं याच केंद्रात काढलेला माणूस. म्हणाले, "भिंत कसाले फोडतस? ती लाइन या टाकीनी नईच शे."

गच्चीच्या मागच्या अंगाला, जिन्याच्या खोलीवर, एक जुनी सिमेंटची टाकी होती. मी सात वर्षांत तिथे चढले नव्हते. नाना शिडी लावून चढले, मागोमाग मी पदर खोचून. टाकीवर पत्रा, पत्र्यावर दगड. पत्रा सरकवला तर आतून कबुतर फडफडत अंगावर आलं, माझा पाय शिडीवरून सुटता सुटता राहिला. आत तळाशी चार बोटं गाळ, त्यावर वीतभर पाणी, पाण्यावर पिसं, आणि कडेला एक पाल, कधीची मेलेली कोण जाणे. प्रसूतिगृहाची लाइन या टाकीवरून होती. नवी काळी टाकी बसवली तेव्हा ओपीडीच्या बाजूची जोडणी बदलली, मागची तशीच राहिली.

दुपारी पाणी का जातं हेही तिथेच कळलं. दोन्ही टाक्यांना बोअरचा एकच पाइप जातो, पण जुनी टाकी उंचावर आहे. काळी टाकी भरून तिचा बॉल वर येऊन तोंड बंद झालं, की मगच पाणी वर चढतं. आणि आमची बोअर शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर. केळीवाल्यांना जशी वीज मिळते तशीच आम्हाला, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, मोजक्या तासांची. काळी टाकी भरेपर्यंत वीज जाते. उरलंसुरलं जुन्या टाकीत जातं, ते दुपारपर्यंत संपतं.

त्या संध्याकाळी मॅडमनी हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिलेलं एक माप आहे: ओपीडीतल्या माणसाला 5 लिटर, भरती रुग्णाला दिवसाला 40 ते 60 लिटर, एका बाळंतपणाला 100 लिटर. आमच्या ऐंशी ओपीडीचे 400, सहा खाटांचे 360, एक बाळंतपण 100. हजाराच्या आतच आलं. टाकी दोन हजारांची. म्हणजे पाणी कमी नव्हतं, कुठेतरी जात होतं.

कुठे जातं ते बघायला नानांनी केळीला टेकू देतात तसला बांबू आणला, त्यावर खुणा केल्या आणि संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर टाकीत बुडवून पाहिला. सकाळी नळ उघडायच्या आधी पुन्हा. रात्री भरती एकही नाही, मोटर बंद, तरी पाणी वीतभर खाली. म्हणजे अंदाजे तीनशे लिटर रात्रीत गायब! दोन रात्री हाच प्रकार. तिसऱ्या रात्री आम्ही एकेक कॉक बंद करत गेलो, आणि चोर सापडला तो स्टाफच्या शौचालयात. फ्लशच्या टाकीचं वायसर झिजलेलं, भांड्यात दोऱ्यासारखी धार अखंड. दिवसा आवाज येत नाही, रात्री कान दिला तर ऐकू येतो. वायसरची किंमत सांगत नाही, हसाल.

(मॅडमनी बांबूचं ऐकलं आणि त्या खूप रागावल्या. पिण्याच्या टाकीत मळ्यातला बांबू! मग बाहेरून पारदर्शक नळी लावली आणि तिच्यामागे भिंतीवर एक ते दहा आकडे रंगवले. बांबू आता कपडे वाळत घालायला आहे.)

जुनी टाकी बाद केली. प्रसूतिगृहाची लाइन काळ्या टाकीवर आणायची ठरली, तेव्हा नानांनी एक गोष्ट सुचवली. आमच्या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेली ती एवढीच. ते म्हणाले, विहीर आटायला लागली की आम्ही मोटरीचा पाइप वर उचलून घ्यायचो, तळाचं पाणी प्यायला राहायचं. तसंच इथे करा. ओपीडी, क्वार्टर, बाग, सगळ्यांचं तोंड टाकीला वीत-दीड वीत वर काढा, आणि प्रसूतिगृहाचं अगदी बुडाशी. बाकीच्यांचं पाणी संपलं तरी खालचे चारशे-पाचशे लिटर प्रसूतिगृहाशिवाय कुणाला मिळणार नाहीत. बुडाशी म्हणजे गाळाच्याही चार बोटं वर, एवढं प्लंबरनं सांभाळलं. त्यानं टाकीला दुसरं भोक पाडलं, एक कोपर, एक कॉक, एका दुपारचं काम. क्वार्टरमधल्या आमच्याच लोकांनी आठवडाभर कुरकुर केली, कारण गाडी धुताना पाणी जायला लागलं. जाऊ दे म्हटलं.

पैशांचा विषय रुग्ण कल्याण समितीत निघाला. रंगकामाचं बिल गेल्या वर्षी विनाचर्चा पास झालं होतं. पाइप, कॉक, टाकी धुणं, हौदाला झाकण असं म्हटल्यावर एका सदस्यांनी विचारलं, "मग भिंतीवर काय लिहायचं? कुणाच्या कारकिर्दीत झालं ते?" मॅडम म्हणाल्या, टाकीवर लिहू. लिहिलं नाही अर्थात.

आता टीसीएलचं. ब्लीचिंग पावडरला आमच्याकडे सगळे टीसीएलच म्हणतात. मॅडम एकदा सांगत होत्या, व्हिएन्नाच्या दवाखान्यात 1847 साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं शवागारातून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे तापानं होणारे मृत्यू झपाट्यानं खाली आले; तो चुना म्हणजे हीच आपली पावडर. नानांना ते भारी आवडलं. पण नाना तोवर टाकीत काय टाकत होते? मूठभर. कधी मोठी मूठ, कधी छोटी. पोतं पावसाळ्यापासून उघडं, ओल खाऊन त्याचे ढेकळं झालेले. या पावडरीतला क्लोरीन हवेनं आणि ओलीनं उडून जातो. नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर 20 टक्क्यांच्याही खाली. ताज्या मालात 33 टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे आम्ही पाण्यात पांढरी माती कालवत होतो.

नवीन पावडर आली, झाकणाच्या डब्यात गेली. माप साधं आहे: हजार लिटरला अडीच ग्रॅम. आमच्या टाकीला पाच, म्हणजे चहाचा एक चमचा. आधी बादलीत कालवायची, साका खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच टाकीत ओतायचं, आणि निदान अर्धा-एक तास कुणी नळ उघडायचा नाही. पहिल्याच दिवशी नानांचा त्या एका चमच्यावर विश्वास बसेना. "एवढाशी काय व्हई?" म्हणून त्यांनी मापाच्या वर एक मूठ घातली. त्या दिवशीच्या चहाला पोहण्याच्या तलावाची चव होती आणि ओटी टेस्टच्या नळीतला रंग पिवळा सोडून नारिंगीकडे गेला होता.

ओटी टेस्ट म्हणजे नळीत पाणी घेऊन दोन-चार थेंब ऑर्थोटॉलिडीन टाकायचं. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, किती पिवळं ते पेटीतल्या रंगाशी लावून बघायचं. लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसला पाहिजे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती रोज करतो, पण गावाच्या टाकीशी. आम्ही ती प्रसूतिगृहाच्या नळाशी करायला लागलो, सगळ्यात लांबच्या टोकाला. जोडणी बदलल्यावर तिथे पहिल्यांदा फिकट लिंबासारखा रंग आला तेव्हा मी ती नळी उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. मावशी म्हणाल्या, "बाई, लघवी तपासी ऱ्हायन्यात का?"

नळाला पाणी आलं तरी हात धुतले जातील असं नाही, हा पुढचा धडा. प्रसूतिगृहातलं बेसिन दाराबाहेर बोळात होतं. टेबलापासून मी पावलं मोजली, चौदा. मूल डोकं काढत असताना चौदा पावलं जाऊन येणार कोण? ते आत आणलं. कोपरानं चालवायचे नळ बसवायचे होते. प्लंबरनं बसवले, दांडी भिंतीला लागलेली, कोपर जाईल कुठून? पुन्हा काढले, पुन्हा बसवले. त्यात आमच्या बोअरचं पाणी जड. पंधरा दिवसांत नळाच्या जाळीवर पांढरा खडा धरतो. दर महिन्याच्या एक तारखेला जाळी काढून लिंबाच्या पाण्यात टाकायची, असं मावशींनीच ठरवलं.

आणि साबण. महिन्यात अकरा वड्या गेल्या. भाऊ म्हणाले चोरी. मला तसं म्हणवेना. पाड्यावरून आलेल्या बाईनं जाताना ओली वडी पदरात बांधून नेली, तर तिच्या घरात ती नव्हती एवढाच त्याचा अर्थ. मग आम्ही वडीचे चार तुकडे करून लसणाच्या जाळीत घालून नळाला बांधायला लागलो. शिवाय पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणाला टाचणीनं भोकं पाडून, आत लिटरभर पाण्यात धुण्याच्या पावडरीचा चमचा. मध्यंतरी वरून भिंतीवरचे हँडवॉशचे डबे आले, पंधरा दिवसांत त्यांची बटणं मोडली. बाटली अजून आहे.

हात धुण्याच्या सहा पायऱ्या 'सुमन-के' म्हणून पोस्टरवर असतात: सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. पोस्टर आमच्याकडे चार वर्षं होतं. एका दुपारी मॅडमनी सगळ्यांच्या तळहातावर हळद कालवलेलं तेल घातलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, नेहमीसारखे हात धुवा. डोळे उघडले तर माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी पिवळं, नखांत पिवळं. मॅडमच्याही अंगठ्याला. सर्वांत स्वच्छ हात कुणाचे? मावशींचे. त्यांना वेगळं शिकवावंच लागलं नाही. "कळणानी भाकर थापी का हात असाच धुवना पडस," त्या म्हणाल्या. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, चिकट पीठ बोटांच्या बेचक्यात बसतं, ते ज्यानं धुतलं त्याला पोस्टर नको. तेव्हापासून नव्या मुलींना मी सुमन-के सोबत कळण्याची भाकरीही सांगते.

शौचालयांचं लिहायला जड जातं, पण लिहिते. इमारतीत तीन होती. एकाला 'स्टाफ' लिहून कुलूप. एकाला दिवा नाही म्हणून कुलूप. तिसरं उघडं, त्यात पाणी नाही. किल्ल्या फार्मासिस्ट भाऊंच्या जुडग्यात, आणि भाऊ पाचला घरी. 'वॉश फिट'च्या कागदात स्पष्ट होतं: कुलूप लावलेलं शौचालय मोजायचं नाही. म्हणजे आमची संख्या शून्य.

शिवाय ही सगळी मापं खाटांवर असतात, आणि आमच्याकडे खाटेवर एक बाई आली तरी तिच्यासोबत सहा-सात माणसं येतात. पावरा, तडवी, भिल्ल, कुणीही असो, पाड्यावरून बाई एकटी येत नाही. सासू, आई, जाऊ, दाई, एखादं दूध पिणारं मूल. आवारातल्या कडुलिंबाखाली तीन दगडांची चूल मांडून त्या राहतात, दोन दिवस, तीन दिवस. त्या कुठे जात होत्या? मागच्या नाल्यात. रात्री बॅटरी घेऊन. एका आजीचा तिथे पाय मुरगळला आणि नातवाच्या जन्माच्या दिवशी तिलाच आम्ही पट्टी बांधली. ते आमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये गेलं नाही.

कुलपं काढली. दुसरं काही करायच्या आधी ते केलं, त्याला समिती लागत नव्हती. दिवा लावला. बायकांच्या शौचालयात झाकणाची कचरापेटी आणि आत बादलीवर नळ. एकात आधाराला लोखंडी पाइप बसवला, टाके असलेल्या बाईला बसता-उठताना धरायला. बाहेर पडल्यावर दोन पावलांवर हात धुवायची सोय. लिंबाखाली एक वेगळा नळ, ओटा आणि शोषखड्डा, नातेवाइकांच्या भांड्यांसाठी. हा खर्च कुठल्या मथळ्याखाली दाखवायचा यावर दोन महिने गेले.

कचऱ्याचं फार लांबवत नाही. पिवळी आणि लाल पिशवी, काचेसाठी निळा डबा आणि सुयांसाठी पांढरा डबा, हे 2016 च्या नियमांपासून सगळ्यांना पाठ आहे. 48 तासांच्या वर ठेवायचं नाही हेही. आमची अडचण वार (बाळानंतर पडते ती) टाकलेल्या पिशवीची होती. गाडी न आल्यास ती ठेवायची कुठे? उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात, आणि कुत्री. कुलपाची जाळीची खोली बांधून घेतली, फरशी, उतार, नळ. आणि कचरा उचलणाऱ्या मावशींना जाड हातमोजे आणि बूट. बूट त्यांनी आठवडाभर घातले नाहीत, पाय भाजतात म्हणाल्या. मे महिन्यात त्यांचं काही चूक नव्हतं. शेवटी सकाळी सातच्या आत कचरा हलवायचा असं ठरलं.

मे महिन्यातच टाकीच्या नळीवरचा आकडा पुन्हा भराभर उतरायला लागला. वायसर बदललं, गळती नाही. मग? ओपीडीतले दोन कूलर. खानदेशात मे महिन्यात कूलर बंद करा म्हणण्याची कुणाची छाती नाही, माझीही नाही. पण ते वरच्या तोंडावर होते, खालच्या नव्हे. दुपारी ओपीडीचं बेसिन कोरडं पडलं, कूलर नुसती गरम हवा फेकायला लागले, आणि आत प्रसूतिगृहात एका तडवी बाईला मुलगी झाली. पावणेचार वाजले होते. मी कोपरानं नळ उघडला, पाणी आलं, हात धुतले. मावशी सवयीनं निळी बादली घेऊन दारात उभ्या होत्या. एक क्षण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बादली घेऊन फरशी पुसायला गेल्या.

पुढच्या फेरीत, 2023 मध्ये, शेजारच्या केंद्राच्या तपासणीत आम्ही सत्तर ओलांडले आणि बाहेरचे तपासनीस आले. सकाळी अकराला. बाग बघितली, बोर्ड बघितले, रजिस्टरं बघितली, टाकी धुतल्याची तारीख बघितली. प्रसूतिगृहात आले, कोपराचे नळ मोजले, छान म्हणाले आणि वळले. नळ उघडलाच नाही! मला राहवेना.

"सर, तीन वाजेपर्यंत थांबता का? जेवूनच जा."

त्यांना दुपारी दुसरं केंद्र करायचं होतं. मॅडमनी माझ्याकडे डोळे वटारले. गुण मिळाले, प्रशस्तिपत्र ओपीडीत लागलं आहे.

राहिलेलं बरंच आहे. अपंगांसाठीचा उतार बांधला तो इतका उभा की खुर्ची वर ढकलायला दोन माणसं लागतात. तो फोडून पुन्हा करायचा आहे. सांडपाण्याची नाली पावसात अजून तुंबते. आणि बोअर शेतीच्या फीडरवरून काढून गावठाणच्या फीडरवर घ्यावी, म्हणजे वीज सलग मिळेल, असा अर्ज आम्ही पहिल्याच वर्षी दिला. एकदा तो चुकीच्या टेबलावर गेला, एकदा जागेचा उतारा जोडला नाही म्हणून परत आला. परवा तिसऱ्यांदा पाठवला. तोवर नाना रोज संध्याकाळी नळीमागच्या आकड्यांपाशी खडूनं रेघ मारतात. काल रेघ चारवर होती, म्हणून बागेचा कॉक बंद आहे.